रडारने गावचा डोंगर बघायला गेलो त्याची गोष्ट

२०२१ च्या जुलैत तळीयेला दरड कोसळली ना, तेव्हापासून आमच्या गावी (महाड तालुकाच) पाऊस जोरात लागला की काका रात्रभर जागेच असतात. त्यात देवळामागच्या उतारावर भेग दिसली म्हणाले. मग मीच म्हटलं थांबा, सॅटेलाइटवरून बघतो, युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार सॅटेलाइटचा डेटा फुकट मिळतो आणि तो बघायचं स्नॅप सॉफ्टवेअरपण फुकट.

प्रकार असा की सॅटेलाइट दर १२ दिवसांनी त्याच वाटेवरून परत येतो, दोन वेळच्या रडार सिग्नलची फेज (म्हणजे परत येताना लहर कुठल्या टप्प्यावर होती ते) एकमेकातून वजा केली की जमीन हलली असेल तिथे रंगांचे पट्टे येतात, एक पूर्ण पट्टा म्हणजे सॅटेलाइटच्या दिशेने साधारण २.८ सेंटिमीटर.

करायला बसलो तर एकेक फाइल चार-पाच जीबी आणि लॅपटॉपला रॅम ८ जीबी. अख्खा सीन घेतला म्हणून तीनदा हँग, नंतर कळलं की आधी स्प्लिट करून आपल्या भागाचेच बर्स्ट (चित्राचे तुकडे) ठेवायचे असतात. पुढचं ऑर्बिट फाइल (सॅटेलाइटची नेमकी जागा), कोरेजिस्ट्रेशन (दोन चित्रं एकमेकांवर बसवणं), डीबर्स्ट (तुकडे जोडणं) वगैरे व्हिडिओ बघून जमतं. स्नाफू, म्हणजे पट्टे मोजून सलग आकडे काढणारा प्रोग्रॅम, मात्र वेगळा, काळ्या खिडकीत कमांड टाकून चालवायचा, त्यात माझे दोन रविवार गेले.

पहिला निकाल मे महिन्यातल्या दोन तारखांच्या जोडीचा. डोंगराभोवती मस्त गोल पट्टे! घाबरून काकांना फोन केला, म्हटलं डोंगर खचतोय बहुतेक. (हे नको करायला होतं.) मग नीट बघितलं तर पट्टे डोंगराच्या उंचीप्रमाणेच वळत होते, म्हणजे हवेतल्या बाष्पाचा खेळ. जानेवारीची जोडी लावली तर सगळं सपाट. तेव्हा एका जोडीवर विश्वास ठेवायचा नाही, निदान वीस-पंचवीस तारखा लावून बघायचं.

आणि खरी गोची पावसाळ्याचीच. जुलैची जोडी लावली तर कोहिरन्सचा (दोन वेळचे सिग्नल किती जुळतात त्याचा) नकाशा जवळजवळ काळाकुट्ट, म्हणजे काहीच जुळत नाही, कारण लहर साडेपाच सेंटिमीटरची, ती झाडापानांवरच आपटते आणि १२ दिवसांत पानं, गवत सगळं बदललेलं. फक्त घरांची छपरं आणि उघडा कातळ तेवढा चमकतो. म्हणजे ज्या महिन्यात बघायचंय त्याच महिन्यात आंधळं. शिवाय दरड काही मिनिटांत येते, त्या वेळी सॅटेलाइट कुठे असेल काय माहीत, हळूहळू सरकणाऱ्या उतारालाच ही पद्धत बरी. ३० जुलै २०२५ ला नासा-इस्रोचा निसार हा रडार सॅटेलाइट गेला (माळीणच्या दरडीची तारीखही ३० जुलैच, २०१४ ची), त्याची एल-बँड लहर २४ सेंटिमीटरची आहे, ती झाडीतून बरीच खाली जाते, त्यावर करून बघणार आहे.

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू बघ तुझं, मी भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्यात, रोज सकाळी टेप लावतो. काल एकशे बारा सेंटिमीटर होतं, आज पण तेवढंच."

आता ते आकडे मी एक्सेलमध्ये भरतोय.