एफमेमओपन आणि हरवलेला शेवटचा बाइट: माझा अनुभव

सी मधल्या मेमरी स्ट्रीमवर, म्हणजे मेमरीतल्या बफरला फाइलसारखं वापरण्यावर, टेस्ट लिहायला बसणाऱ्यांना आधीच सांगून टाकतो: तुमचं बायनरी (कंपाइल होऊन तयार झालेला प्रोग्राम) कुठल्या ग्लिबसीवर, म्हणजे लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या कुठल्या आवृत्तीवर, बिल्ड झालंय ते पहिल्यांदा बघा. कुठल्या ग्लिबसीवर चालतंय हे त्यानंतर. एवढी एक गोष्ट मला वेळेवर कळली असती तर रिलीज टीमशी झालेला सगळा वाद टळला असता. त्या वादाचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणूनच सविस्तर लिहितोय.

काम साधं होतं. वजनकाट्यांवरून येणाऱ्या नोंदी पुढे पाठवणारी सी मधली एक जुनी लायब्ररी आमच्याकडे आहे. प्रत्येक नोंद बरोबर ६४ बाइटची, आणि ६४वा बाइट चेकसमचा, म्हणजे नोंद वाटेत बिघडली नाही ना हे पडताळायच्या आकड्याचा. नोंद लिहिणारी सगळी फंक्शनं फाइल पॉइंटर घेतात, कारण मुळात ती डिस्कवरच्या फाइलसाठी लिहिलेली होती. पुढे नोंद थेट सॉकेटवर पाठवायची वेळ आली, तेव्हा कोणीतरी एफमेमओपन वापरलं. हे फंक्शन तुमच्या बफरलाच फाइल असल्यासारखं उघडून देतं, मग एफप्रिंटएफ, एफराइट, एफसीक सगळं त्यावर चालतं. जुन्या फंक्शनांना हात न लावता काम झालं, आणि तो निर्णय मला आजही पटतो. बफर ६४ बाइटचा, आधी शून्याने पुसलेला, मोड ‘डब्ल्यूबी’ (बायनरी लेखन).

बिल्ड सर्व्हर सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर होता. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, म्हणून सगळं उबुंटू २२.०४ वर हलवायचं ठरलं आणि टेस्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. बाकीची मॉड्यूलं विनातक्रार हलली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

घोडं पेंड खाल्लं ते या ६४ बाइटवर.

नव्या मशीनवर बिल्ड केलं की पलीकडचा सर्व्हर नोंदी चेकसम चुकला म्हणून परत पाठवायचा. आमच्या बाजूने बघावं तर कुठे काही वावगं नाही. एफराइटने ६४ परत दिले, एफफ्लशने शून्य, एफक्लोजने शून्य. स्ट्रीमवर एररचा झेंडा नाही. मेमरीच्या चुका पकडणारी साधनंही गप्प, ॲड्रेस सॅनिटायझर गप्प, व्हॅलग्रिंड गप्प, कारण बफरच्या हद्दीबाहेर कोणी लिहीतच नव्हतं. डीबगरमध्ये बफर उघडला तर पहिले ६३ बाइट जागच्या जागी आणि ६४वा शून्य. चेकसम मोजणारं फंक्शन मात्र योग्य आकडा देत होतं. म्हणजे आकडा बरोबर निघत होता, स्ट्रीममध्ये जातही होता आणि बफरमध्ये पोचताना पुसला जात होता. त्यात मधूनच एखादी नोंद बिनबोभाट पास व्हायची, आणि ‘कधी चालतं, कधी चालत नाही’ म्हणजे टायमिंगचा घोळ अशी एक चर्चा सुरू झाली. पास होणाऱ्या नोंदी काढून पाहिल्या, तर त्यांचा चेकसम मुळातच शून्य होता! टायमिंगचा काही संबंध नव्हता.

मी तिकीट टाकलं. रिलीज टीमने जुन्या सर्व्हरवर बिल्ड झालेलं बायनरी उचललं, नव्या उबुंटूवर टाकलं, चालवलं आणि सगळ्या नोंदी पास. उत्तर आलं: ‘सिस्टम ठीक आहे, तुमचं बिल्ड तपासा.’ तिकीट बंद. मी परत उघडलं, पुन्हा तेच उत्तर. मशीन तेच, सोर्स तोच, फक्त बिल्ड वेगळं, तेव्हा दोष बिल्डचाच, हे त्यांचं म्हणणं वरवर बिनतोड होतं. मग कंपायलरचे फ्लॅग उलटसुलट करून झाले, ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद करून झालं, जुना कंपायलर नव्या मशीनवर आणून झाला. ६४वा बाइट शून्यच. प्रत्येक वेळी तिकिटावर तेच शांत उत्तर यायचं आणि रिलीजची तारीख पुढे सरकायची. तुमचा कोड अक्षर न अक्षर बरोबर आहे हे दिसत असताना ‘तुमचं तपासा’ ऐकत बसणं फार जिवावर येतं.

शेवटी लायब्ररी बाजूला ठेवली आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. १६ बाइटचा शून्याने पुसलेला बफर, मोड ‘डब्ल्यूबी’, त्यात १६ अक्षरं लिहायची, स्ट्रीम बंद करायचा, बफरचे बाइट छापायचे. तोच सोर्स सेंटओएसवर एकदा बिल्ड केला, उबुंटूवर एकदा, आणि दोन्ही बायनरी उबुंटूवरच शेजारी शेजारी चालवली. पहिल्याच्या ओळीचा शेवट ४७ ३१ ३९ ५२. दुसऱ्याचा ४७ ३१ ३९ ००. एकच मशीन, एकच सी लायब्ररी, दोन वेगळी उत्तरं. आता ‘एनएम’ या साधनाला डायनॅमिक सिंबॉल, म्हणजे बायनरी बाहेरच्या लायब्ररीकडे मागतं ती फंक्शनांची नावं, दाखवायचा पर्याय देऊन दोन्ही फाइली तपासल्या. जुन्या बायनरीत एफमेमओपनच्या पुढे ग्लिबसी २.२.५ असं लिहिलेलं, नव्यात ग्लिबसी २.२२.

तिथे सगळा उलगडा झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.२२ मध्ये एफमेमओपन नव्याने लिहिलं गेलं आणि त्याला नव्या आवृत्तीचा सिंबॉल मिळाला. जुन्या प्रोग्रामची वागणूक बदलू नये म्हणून जुनं फंक्शनही त्याच लायब्ररीत ठेवलं गेलं. सेंटओएस ७ वर ग्लिबसी २.१७ आहे, म्हणून तिथे बिल्ड झालेलं बायनरी कितीही नव्या मशीनवर न्या, ते जुनंच एफमेमओपन मागतं आणि त्याला ते मिळतं. उबुंटू २२.०४ वर २.३५ आहे, तिथे बिल्ड केलं की नवं मिळतं. रिलीज टीमने घेतलेली चाचणी खरी होती, पण ती नव्या लायब्ररीची चाचणीच नव्हती.

आता ‘बी’ अक्षराचं. ग्लिबसी २.९ ते २.२१ या आवृत्त्यांमध्ये मोडचं दुसरं अक्षर ‘बी’ असेल तर बायनरी मोड लागायचा आणि लिहिल्यानंतर शेवटी आपोआप शून्य बाइट टाकला जायचा नाही. २.२२ मध्ये हा बायनरी मोड काढून टाकला. आता ‘डब्ल्यूबी’ आणि ‘डब्ल्यू’ एकच. आणि नुसत्या ‘डब्ल्यू’बद्दल पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टमच्या मानकाचं म्हणणं असं, की स्ट्रीम फ्लश किंवा बंद होताना शून्य बाइट चालू जागेवर किंवा बफरच्या शेवटी लिहिला जातो. बफर काठोकाठ भरला असेल तर ‘बफरच्या शेवटी’ म्हणजे तुमच्या शेवटच्या बाइटवर. कोणतीही एरर नाही, कारण त्यांच्या लेखी काही चुकलेलंच नाही. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीवर, म्हणजे अल्पाइनच्या कंटेनरमध्ये, नुसत्या ‘डब्ल्यू’ मोडला हेच दिसलं. बफरचा मालक मी, मी दिलेले सगळे बाइट स्वीकारल्याचं मला सांगितलं जातं आणि त्यातला एक पुसला जातो, हे मला मुळीच मान्य नाही. नियमात बसतं म्हणून ते बरोबर ठरत नाही. निदान एफक्लोजने तरी तक्रार करायला हवी होती.

दोन्ही आउटपुट आणि दोन्ही सिंबॉल तिकिटावर चिकटवले. या वेळी तिकीट बंद झालं नाही. उलट तिकडच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने फोन करून नीट समजून घेतलं आणि मग सुचवलं, की लिंकरला सांगून जुनाच सिंबॉल बांधून टाकू. मी ठाम नाही म्हटलं. जुन्या एफमेमओपनमध्ये एफसीकला सीक-एंड दिलं की अंतर शेवटापासून मिळवण्याऐवजी वजा व्हायचं. एक बाइट वाचवायला तो बग पुन्हा घरात कशाला घ्यायचा?

उपाय केला तो असा: बफर ६५ बाइटचा, एफमेमओपनलाही ६५ सांगायचे, आणि पाठवताना ६४च पाठवायचे. पण एवढ्यावर थांबू नका. ६५ सांगितले की चुकून लिहिलेला ६५वा बाइटही निमूट स्वीकारला जातो आणि वर शून्य बसतं, म्हणजे आधीचाच घोळ एक घर पुढे सरकतो. म्हणून बंद करण्याआधी एफटेल (स्ट्रीममधली चालू जागा) विचारायचं आणि ते बरोबर ६४ नसेल तर टेस्ट फेल. ही तपासणी सुचली याचा मला खरंच अभिमान आहे, कारण पुढे तिनेच एका फील्डची रुंदी चुकल्याचं पकडलं.

लायब्ररीच्या एका कोपऱ्यात कोणीतरी आधीपासूनच ६५चा बफर घेतला होता, शेजारी एक शब्दाची कॉमेंट नाही. तिथला मोड ‘डब्ल्यू+बी’ होता. सीच्या नियमाने ‘डब्ल्यूबी+’ आणि ‘डब्ल्यू+बी’ एकच, पण जुन्या ग्लिबसीत ‘बी’ दुसऱ्या जागेवर असेल तरच बायनरी. त्या माणसाला तिथे ६४च्या बफरवर फ्लशची एरर आली असणार, त्याने एक बाइट वाढवला आणि पुढे गेला. दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर माझं काम किती हलकं झालं असतं! जुन्या कोडमध्ये असा विनाकारण दिसणारा अधिकचा एक सापडला तर तो ‘साफ’ करू नका.

टेस्टमध्ये आणखी काय घ्यावं, आठवेल तसं सांगतो. बफरपेक्षा जास्त लिहिलं तर एफप्रिंटएफ बहुतेक वेळा खुशाल पूर्ण आकडा परत देतं, कारण मजकूर अजून स्ट्रीमच्या आतल्या बफरमध्येच असतो. एरर कळते ती फ्लश करताना किंवा बंद करताना, तेव्हा एफफ्लश आणि एफक्लोजचं उत्तर तपासल्याशिवाय टेस्ट पास म्हणू नका. लिहिता क्षणी एरर हवी असेल तर सेटबफला नल देऊन बफरिंग बंद करा. आकार शून्य दिला तर २.२२ आधी इनव्हॅलिड आर्ग्युमेंट मिळायचं, आता स्ट्रीम उघडतो आणि पहिल्याच वाचनाला फाइल संपल्याचं सांगतो, म्हणून दोन्ही मशीनवर चालणाऱ्या टेस्टमध्ये इथे सरळ नल तपासून भागत नाही. वाचण्यासाठी उघडलेल्या बफरमध्ये मध्येच शून्य बाइट आला तरी वाचन थांबत नाही, दिलेला आकार संपल्यावरच थांबतं. ही टेस्ट जरूर घ्या, स्ट्रिंगची सवय असलेले सगळे इथे फसतात. अपेंड मोडमध्ये सुरुवातीची जागा म्हणजे पहिला शून्य बाइट. बफरमध्ये शून्यच नसेल तर जागा बफर संपल्यानंतरची, आणि जुनी ग्लिबसी इथे उणे एक धरून बसायची.

फाइलनो (फाइलचा डिस्क्रिप्टर क्रमांक) मागू नका, या स्ट्रीमला डिस्क्रिप्टर नसतो. मॅकवर हे फंक्शन १०.१३ पासून आहे, विंडोजच्या सी लायब्ररीत नाहीच.

एक गोष्ट खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवी होती. कंपायलरला सी९९ चा कडक मोड दिला असेल तर पॉझिक्सचा २००८०९ वाला मॅक्रो हेडरच्या आधी लिहा. नाहीतर एफमेमओपन जाहीरच होत नाही, जुना कंपायलर ते इंट परत देतं असं धरून चालतो, ६४ बिटांचा पॉइंटर अर्धा कापला जातो आणि पहिल्याच एफराइटला प्रोग्राम कोसळतो. जीसीसी कंपायलरच्या १४व्या आवृत्तीपासून ही थेट एरर आहे, ते फार बरं झालं.

आणि नोंदीची लांबी आधी ठाऊकच नसेल तर एफमेमओपनच्या वाटेला जाऊ नका, ओपन-मेमस्ट्रीम घ्या. बफर तोच वाढवतो, शेवटचं शून्य आकारात धरत नाही. मात्र त्याने दिलेला पॉइंटर फ्लश किंवा बंद केल्यानंतरच खरा, आणि पुढचं काही लिहिलं की बफर दुसरीकडे हललेला असू शकतो. बंद करण्याआधी एफसीकने मागे गेलात तर आकारही तेवढाच मागे येतो. बफर मोकळा करायची जबाबदारी तुमची, पण एफक्लोज झाल्यावरच.