लीड्सच्या वॉर्डात अमीन सयानी

तीन आठवड्यांच्या रजेवर लालबागला आले आहे. मी मागे पाठवलेला 'कारवाँ', म्हणजे जुनी गाणी भरलेला रेडिओसारखा डबा, बाबांच्या उशाशी असतो आणि त्यातून दिवसभर एकच माणूस बोलत असतो. आई म्हणते, "तुला वाटतं इथे आम्ही दोघंच राहतो. तिघं आहोत आम्ही."

तिसरे म्हणजे रेडिओवरचे निवेदक अमीन सयानी. फेब्रुवारी 2024 मध्ये ते गेले, मंगळवारी संध्याकाळी. बातमी कळली बुधवारी. मी राहते त्या इंग्लंडमधल्या लीड्समध्ये पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि बाबांचा फोन वाजला. त्या वेळी घरून आलेला फोन उचलताना पोटात काय होतं, ते परदेशात राहणाऱ्यांना सांगायला नको. बाबा एवढंच म्हणाले, "बुधवारीच कळलं बघ."

लोकप्रिय सिनेगीतांची क्रमवारी सांगणारा त्यांचा कार्यक्रम, 'बिनाका गीतमाला', 3 डिसेंबर 1952 ला सुरू झाला, तोही बुधवारच होता. दर बुधवारी रात्री आठ वाजता, रेडिओ सिलोन. तेव्हाचे नभोवाणी मंत्री केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत हटवलं आणि सगळा देश सुई कोलंबोकडे फिरवून बसला. बाबा गिरणीत लागेपर्यंत विविध भारतीही आली होती, पण बुधवार सिलोनचाच राहिला. दुसरी पाळी आली की बाबांचा बुधवार हुकायचा. मग खालच्या मजल्यावरचा त्यांचा दोस्त यादी लिहून ठेवायचा आणि रात्री साडेअकराला घरी आलेले बाबा जिन्यातल्या दिव्याखाली उभ्या उभ्या ती वाचायचे. कुठलं गाणं कितव्या पायदानावर, कुणी चहाची पैज हरलं. मी एकदा 'पायरी' म्हटलं तर म्हणाले, पायरी चाळीला असते, गाण्याला पायदान.

अमीन सयानी सिलोनला राहतात, असं बाबा कित्येक वर्षं समजत होते. प्रत्यक्षात कार्यक्रम आपल्या मुंबईतच ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. म्हणजे आवाज परदेशी जाऊन लालबागला परत यायचा. मला हे कळलं तेव्हा थोडा हेवाच वाटला.

आता लीड्सचं सांगते. मी तिथे शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या वॉर्डात इनचार्ज सिस्टर आहे. माझ्या पाळीत केरळ, फिलिपिन्स, नायजेरिया आणि पोलंडची माणसं असतात, चार-दोन यॉर्कशायरचीही. आम्हाला अधूनमधून नेतृत्वाचं प्रशिक्षण देतात. त्यात सँडविच चांगली असतात. पण मी जे शिकले ते एका चहाच्या कपाने शिकवलं.

इनचार्ज होऊन महिना झाला नसेल. पाळी सोपवताना मी गोऱ्यांसारखी भराभर बोलायचे, निम्मं इंग्रजी आणि निम्मी आद्याक्षरं. बोलण्यात चाचरलं तर कुणी मानणार नाही, ही भीती. "सहा नंबर एनबीएम" असं म्हणून मी पुढे गेले. एनबीएम म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, रुग्णाला उपाशी ठेवायचं. आठवड्यापूर्वी लागलेल्या मदतनीस मुलीने मान हलवली आणि तासाभरात सहा नंबरच्या आजींना दुधाचा चहा नेऊन दिला. मायेने, बिस्किटासकट. त्या दिवशीची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. मी त्या मुलीवर चिडले. माझ्या वरच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू बोललीस. तिला कळलं का, हे पाहिलंस?"

रात्री घरी फोन केला. मागे कारवाँ चालू होता आणि पहिल्यांदाच मी गाण्यांऐवजी बोलणं ऐकलं. तो माणूस किती साधं बोलतो! एक वाक्य, थोडं थांबणं, मग दुसरं. ऐकणारा मागे राहिला असेल तर त्याला गाठू देतो.

हे त्यांच्याकडे आलं घरातून. आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायच्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या प्रौढांसाठी. भाषा सोपी हिंदुस्तानी, लिप्या तीन: देवनागरी, उर्दू, गुजराती. पोरगा त्या कामात हाताशी असायचा. अवघड शब्द दिसला की वाचणारा तिथेच अडतो, हे त्याने लहानपणीच पाहिलं असणार. आणि गंमत म्हणजे आकाशवाणीने हिंदीसाठी याच माणसाला नाकारलं होतं, उच्चारात गुजराती-इंग्रजीची झाक आहे म्हणून. नंतर त्याच सरमिसळ घडणीच्या माणसाने देशाला हिंदी ऐकायची सवय लावली. माझ्या मराठी वळणाच्या इंग्रजीची मला तेव्हापासून लाज वाटेनाशी झाली.

मला त्यांची आणखी एक गोष्ट आवडते. गाण्यांचा क्रम ठरवायला दुकानांतली रेकॉर्डविक्री मोजत. पण चालणाऱ्या गाण्याच्या रेकॉर्डी संपून जायच्या, मग विक्रीचा आकडा खोटं बोलायचा. तेव्हा त्यांनी गावोगावच्या श्रोता संघांची मतंही धरायला सुरुवात केली. आमच्याकडेही आकडे असतात. किती रुग्ण घरी गेले, किती मिनिटांत घंटेला उत्तर दिलं, असले. हल्ली पाळीच्या शेवटी मी मदतनीसांना आधी विचारते, आज काय झालं? आकडा सांगत नाही ते त्या सांगतात.

सयानींना देव करायचं कारण नाही. एक उंच, बारीक तरुण आवाजाच्या चाचणीसाठी वेळ न घेता त्यांच्या कचेरीत आला आणि कामाच्या रगाड्यात त्यांनी त्याला भेटलंही नाही. तो तरुण अमिताभ बच्चन होता. हे जगाला कळलं कारण सयानींनी स्वतःच ते पुन्हा पुन्हा सांगितलं, हसत हसत आणि स्वतःला न सोडवता. मी तो चहाचा किस्सा नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते. त्या मुलीचं नाव घेत नाही, माझं घेते. मग मी "एनबीएम" म्हणत नाही, "सहा नंबर उपाशी, चहासुद्धा नाही" म्हणते आणि थांबते. कुणीतरी विचारतं, "पाणी?" मग पाण्याचंही सांगते.

परवा हे सगळं बाबांना सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "अगं, पण तू सुरुवात कशी करतेस? ते 'बहनों और भाइयों' म्हणायचे. आधी बहनों." मी म्हटलं, मी 'गुड मॉर्निंग' म्हणते. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

आज बुधवार. आठ वाजता आईची मालिका लागते. बाबा कारवाँचा आवाज कमी करतात, पण बंद करत नाहीत.