एआय असिस्टंटला फॉरमॅटर जोडताना: माझा अनुभव

सोलापुरातल्या चादर-टॉवेल कारखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो: जॉबवर्कचा हिशेब, गाठींची पॅकिंग लिस्ट, जीएसटीची बिलं. सर्व्हरची बाजू पायथनमध्ये, स्क्रीन रिअ‍ॅक्टमध्ये. टीम छोटी आहे. कोड लिहायला एआय असिस्टंट म्हणून कुणी क्लॉड कोड वापरतं, कुणी कर्सर.

२२ सप्टेंबर २०२५ पासून टॉवेलवरचा जीएसटी बदलला. आधी नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के होता. आता ५ टक्क्यांची मर्यादा २५०० झाली आणि त्यावर १८ टक्के लागू झाले. कोडमध्ये बदलायचे आकडे दोनच. पण असिस्टंटने केलेला बदल उघडला तर डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) पानभर लाल-हिरवा. सिंगल कोटचे डबल कोट झालेले, लांब ओळी तोडलेल्या, इम्पोर्ट (दुसरीकडचा कोड आणणाऱ्या ओळी) वर-खाली झालेले. रिव्ह्यूला बसलेला आमचा ज्युनिअर म्हणाला, "सर, ह्यात नेमकं काय बदललंय तेच कळंना बघा." त्याचं खरं होतं. कराचा दर चुकला तर कारखानदाराची बिलंच चुकणार, आणि ते दोन आकडे त्या गर्दीत शोधावे लागत होते.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला. असिस्टंट वाचतो त्या सूचनांच्या फाइलमध्ये 'कोड प्रेटियरच्या शैलीत लिही' असं लिहिलं. त्याने फरक पडला, पण भरवसा आला नाही. सूचना लांबलचक संभाषणात मागे पडते. शिवाय कुठली ओळ कुठे तुटेल हे भाषेच्या मॉडेलने अंदाजाने ठरवावं असं ते कामच नाही. त्यासाठी नियमाने चालणारं टूल, म्हणजे फॉरमॅटर, तयार आहे; प्रेटियर त्यातलाच एक.

मग एमसीपीचा विचार झाला. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेला हा प्रोटोकॉल बाहेरची टूल्स असिस्टंटला जोडण्यासाठीच आहे. फॉरमॅटर त्यातूनही देता येतो, पण तो कधी बोलवायचा हे असिस्टंट ठरवतो. मला नेमकं तेच नको होतं. डेटाबेसची रचना विचारायला एमसीपी उत्तम, फॉरमॅटिंगला नाही. फॉरमॅटिंग न विचारता, प्रत्येक वेळी झालं पाहिजे.

ते काम हुकने होतं, म्हणजे ठरलेली गोष्ट घडली की आपोआप चालणाऱ्या कमांडने. क्लॉड कोडच्या सेटिंग्जमध्ये 'पोस्टटूलयूज' नावाचा हुक आहे. मॅचरमध्ये (हुक कशावर चालावा ते सांगायची जागा) 'एडिट' आणि 'राइट' दिलं की असिस्टंटने फाइल बदलल्याबरोबर आपली कमांड चालते, आणि फाइलचा पत्ता जेसनच्या रूपात स्टँडर्ड इनपुटवर येतो. कर्सरमध्ये 'आफ्टरफाइलएडिट' हा हुक आहे. आम्ही दोन्हींना एकच छोटी स्क्रिप्ट जोडली: पायथनची फाइल असेल तर रफ हा फॉरमॅटर, जावास्क्रिप्टची असेल तर प्रेटियर.

स्क्रिप्ट वेगळी का लिहिली ते सांगतो, कारण इथे माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. बहुतेक उदाहरणांत फाइलचा पत्ता काढून तो एक्सआर्ग्जमधून (आलेला मजकूर दुसऱ्या कमांडला पुरवणारं टूल) फॉरमॅटरला दिलेला असतो. फाइल ठीक असेल तोवर ते छान चालतं. पण असिस्टंटने एखादा कंस उघडाच ठेवला तर प्रेटियर एक्झिट कोड (काम संपताना कमांड देते तो निकालाचा आकडा) २ देतो. क्लॉड कोडमध्ये हुकचा कोड २ म्हणजे 'हा एरर मॉडेलला दाखव'. म्हणजे असिस्टंटला आपली चूक लगेच कळायला हवी. पण मध्ये एक्सआर्ग्ज असेल तर तो त्या २ चा १२३ करतो, आणि एरर मॉडेलपर्यंत पोचतच नाही. एक्सआर्ग्ज काढून फॉरमॅटर थेट बोलवला आणि त्याचा कोड तसाच पुढे दिला. आता मोडलेली फाइल असिस्टंट त्याच दमात दुरुस्त करतो. या सगळ्या जोडणीत मला सर्वांत मोलाची वाटली ती हीच गोष्ट.

दुसरी अडचण लिंटरची, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणाऱ्या टूलची. फॉरमॅटरसोबत लिंटरची आपोआप दुरुस्तीही त्याच हुकमध्ये होती. असिस्टंट आधी वर डेसिमलचा इम्पोर्ट लिहितो आणि पुढच्या एडिटमध्ये तो वापरतो. मधल्या क्षणी लिंटरला तो इम्पोर्ट बिनवापराचा दिसतो आणि तो काढून टाकतो. नियमाने बघितलं तर लिंटर बरोबरच आहे. म्हणून प्रत्येक एडिटनंतर फक्त फॉरमॅटर ठेवला, आणि लिंटर असिस्टंटचं काम संपल्यावर चालणाऱ्या 'स्टॉप' हुकमध्ये नेला. ही वाटणी प्रत्येकाने करावी असं माझं ठाम मत आहे.

फॉरमॅटरने फाइल बदलली की असिस्टंटच्या लक्षात असलेला मजकूर शिळा होतो, आणि त्याचा पुढचा एडिट कधीकधी बसत नाही. त्यावर सूचनांच्या फाइलमध्ये एक ओळ पुरली: 'फॉरमॅटिंग तू करू नकोस, ते आपोआप होतं, पुढचा बदल करण्याआधी फाइल पुन्हा वाच.'

विंडोजवरच्या मशीनवर ओळींच्या शेवटांचा घोळ झाला. प्रेटियर २.० पासून एलएफ (ओळ संपल्याची लिनक्स-मॅकवरची खूण) धरतो, म्हणून गिटलाही (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) तेच सांगितलं. रफ आणि प्रेटियरच्या आवृत्त्या रेपोतच (गिटमधला आमचा सगळा कोड) पक्क्या केल्या, नाहीतर एडिटर एक शैली लावतो आणि हुक दुसरी.

जुन्या कोडचं काय, हा प्रश्न मात्र हुक जोडण्याआधीच सोडवावा लागतो. अख्खी रेपो एकदा फॉरमॅट करून तो वेगळा कमिट (गिटमधली बदलाची एक नोंद) केला, त्यात दुसरं काहीही नाही. त्या कमिटचा हॅश (ओळखीचा क्रमांक) गिटच्या 'इग्नोर रेव्ह्ज' फाइलमध्ये टाकला. ही सोय गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. ब्लेम (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणारी यादी) बघताना तो कमिट वगळला जातो आणि ओळ मुळात कुणी लिहिली ते दिसतं. हे झाल्यावर जीएसटीचा तो बदल नव्याने करून घेतला. डिफमध्ये दोन ओळी आल्या, आणि ज्युनिअरने जागेवरच मंजूर केला.