तुम्ही विचारलेत म्हणून : पक्षी पाहायचे आहेत, पुस्तक कोणते घेऊ?

हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात माझ्या बऱ्याच खेपा होतात आणि हा प्रश्न कोणी विचारला नाही अशी एकही खेप मला आठवत नाही. विचारणारे कधी नवी दुर्बीण गळ्यात अडकवून नाशिकहून आलेले जोडपे असते, कधी माझ्या जुन्या विद्यार्थिनी असतात, तर कधी निफाडकडचा एखादा द्राक्ष बागायतदार असतो. मनोऱ्याच्या पायऱ्यांवर उभ्या उभ्या मी एक नाव सांगून मोकळी होते, पण परतीच्या वाटेवर आपण अर्धेच उत्तर दिले अशी रुखरुख लागून राहते. म्हणून आज सवडीने पूर्ण उत्तर लिहिते आहे.

माझे पहिले पुस्तक मी छायाचित्रांना भुलून घेतले होते. कागद गुळगुळीत होता, पानभर नीलपंख, पानभर खंड्या, आणि प्रत्येक पक्षी जणू स्वतःहून छायाचित्रासाठी बसलेला. ते घेऊन मी दोन हिवाळे हिंडले आणि चिखलात चरणाऱ्या प्रत्येक लहानशा करड्या पक्ष्यासमोर हात टेकले. छायाचित्रात एका पक्ष्याचे, एका प्रकाशातले, एका क्षणाचे रूप येते. आपल्यासमोरचा पक्षी त्याच कोनात, त्याच उन्हात आणि त्याच वयाचा असण्याचे काही कारण नसते. चित्रकार मात्र संग्रहालयातले नमुने आणि प्रत्यक्ष पाहिलेले पक्षी यांच्या आधाराने त्या जातीच्या सगळ्या खुणा एका चित्रात आणतो, नर-मादी आणि पिल्लू शेजारी शेजारी काढतो, आणि मुख्य म्हणजे सारखे दिसणारे पक्षी एकाच पानावर एकाच पवित्र्यात उभे करतो. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की रानात न्यायचे पुस्तक रंगवलेल्या चित्रांचेच असावे. छायाचित्रांची पुस्तके घरी जरूर ठेवावीत.

दुसरे सांगणे दुकानातले आहे. पुस्तक हातात आले की मोराचे किंवा खंड्याचे पान उघडू नका, ती पाने सगळ्याच पुस्तकांत देखणी असतात. तुतवारांचे, म्हणजे चिखलात चरणाऱ्या त्या लहान करड्या पक्ष्यांचे पान उघडा. नंतर झुडपांत वावरणाऱ्या लहानशा वटवट्यांचे उघडा, आणि शेवटी आकाशात घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्यांचे. या तीन ठिकाणी जे पुस्तक तुम्हाला दोन सारख्या पक्ष्यांतला फरक दाखवते ते घ्यावे, मग त्यात एकूण किती पक्षी आहेत याची फार चिंता करू नये. भारतात तेराशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत आणि ते सगळे एका पुस्तकात असले म्हणजे पुस्तक चांगले, अशी अनेकांची समजूत असते. पण अडचण येते ती पुस्तकात नसलेल्या पक्ष्यापाशी क्वचित, आणि शेजारी शेजारी छापलेल्या दोघांपाशी रोज.

तुतवारांचेच पान का, ते सांगते. जानेवारीतल्या एका सकाळी चापडगावच्या काठावर माझ्याबरोबर नववीतल्या दोन मुली होत्या. गाळात एक तुतवार मागचा भाग खालीवर हलवत चरत होती. एकीने लगेच पुस्तक उघडून विचारले, “बाई, ही हिरवी तुतवार की ठिपकेवाली?” मी तिला पुस्तक मिटायला सांगितले आणि आधी पक्षी वहीत उतरवायला लावला. डोळ्यावरची फिकट भुवई डोळ्याच्या मागे लांबवर जाते की डोळ्यापाशीच संपते, पाठ गडद आणि जवळजवळ एकसारखी आहे की ठसठशीत ठिपक्यांची, पाय पिवळसर आहेत की गडद हिरवट, एवढे तिने लिहिले. लिहून होते न होते तोच पक्षी ओरडत उडाला. शेपटीच्या मुळाशी लख्ख पांढरा पट्टा चमकला आणि पंखांची खालची बाजू जवळजवळ काळी दिसली. तेव्हा कुठे आम्ही पुस्तक उघडले. ठिपकेवालीचे पंख खालून फिकट असतात, हिरव्या तुतवारीचे काळपट असतात, आणि ही गोष्ट उडत्या पक्ष्याच्या अंगठ्याएवढ्या चित्रात स्वच्छ दिसत होती. माझ्या त्या गुळगुळीत पुस्तकात तुतवार फक्त उभी होती. पंखाखालची बाजू दाखवणारे हे अंगठ्याएवढे चित्र असणे किंवा नसणे, यावरच पाणपक्ष्यांसाठीचे पुस्तक मी पारखते.

आता नावे. नाशिककरांना रानात नेण्यासाठी मी आजही रिचर्ड ग्रिमेट, कॅरोल इन्स्किप आणि टिम इन्स्किप यांचे ‘बर्ड्स ऑफ द इंडियन सबकॉन्टिनंट’ सुचवते. मात्र घ्यायची ती 2011 ची दुसरी आवृत्ती. 1998 ची मूळ आवृत्ती चांगलीच जाडजूड होती. दुसऱ्या आवृत्तीत चित्रांच्या समोरच्या पानावर वर्णन आणि आढळाचा नकाशाही आहे, त्यामुळे वाऱ्यात पाने उलटत बसावे लागत नाही. नकाशाकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात, ते करू नये. एखादा पक्षी चित्राशी कितीही जुळला, तरी त्याच्या नकाशात रंग फक्त हिमालयाच्या पायथ्याशी असेल, तर आपण आणखी एकदा पाहायला हवे.

ज्यांना अजून चिमणी, साळुंकी आणि दयाळ यांच्यापलीकडे फारसे ओळखता येत नाही, त्यांना मात्र मी डॉ. सालिम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आधी वाचायला सांगते. ते 1941 साली प्रथम निघाले आणि 2002 मध्ये त्याची तेरावी आवृत्ती आली. ओळख पटवण्याच्या कामी नवी पुस्तके त्याच्या पुढे गेली आहेत हे खरे, पण पाहायचे कसे हे शिकवण्यात मला त्याच्या तोडीचे दुसरे पुस्तक सापडलेले नाही. त्यात पक्ष्याचा आकार सांगताना चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार असे आपल्या ओळखीचे पक्षी माप म्हणून वापरले आहेत आणि त्यापुढे अधिक किंवा उणे चिन्ह दिले आहे. साळुंकीपेक्षा जरा लहान, हे कोणाच्याही डोळ्यांसमोर येते. तेवीस सेंटिमीटर म्हणजे केवढा, हे झाडाच्या शेंड्याकडे पाहताना भल्याभल्यांना सांगता येत नाही.

जुनी पुस्तके स्वस्तात मिळतात, ती घ्यावीत का, असेही विचारतात. घ्यावीत, पण त्यांत “विपुल” किंवा “सर्वत्र” असे शब्द आले की पुस्तकाचे वर्ष पाहावे. जुन्या पुस्तकांतली गिधाडे गावोगावी आणि थव्यांनी आहेत. पुढे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, मेलेल्या गुरांचे मांस खाऊन, त्यांचा संहार झाला आणि 2006 साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. आज अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीचे गिधाड दिसले की आम्ही दुर्बीण खाली ठेवत नाही. ती जुनी पाने चुकीची नाहीत. लिहिली तेव्हा खरी होती, आणि म्हणूनच मी ती टाकून देत नाही. इंग्रजी नावांचेही तसेच आहे. आपली जांभळी पाणकोंबडी जुन्या पुस्तकात पर्पल मूरहेन, नंतरच्या पुस्तकात पर्पल स्वॅम्पहेन आणि आताच्या यादीत ग्रे-हेडेड स्वॅम्पहेन आहे, त्यामुळे दोन पुस्तके समोर ठेवणारा नवखा माणूस हे तीन पक्षी समजून बसतो. मराठी नाव मात्र जागचे हललेले नाही.

मराठी नावांवरून आठवले. निफाडजवळच्या एका बागायतदारांनी मला विचारले होते, “बाई, भोरड्या तुमच्या या पुस्तकात कुठे आहे?” मी त्यांना रोझी स्टार्लिंगचे पान काढून दिले. ज्वारीवर उतरणारे भोरड्यांचे थवे पाहत त्यांचा जन्म गेलेला, तरी तो पक्षी त्यांना त्या पुस्तकात स्वतःहून सापडला नसता, कारण मागची सूची इंग्रजीत होती. म्हणून चित्रांच्या पुस्तकाबरोबर मराठी नावांचे एखादे पुस्तक हवेच. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ मी यासाठी हाताशी ठेवते. वनाधिकारी म्हणून त्यांची उभी हयात रानात गेली, आणि आदिवासींकडून, कोळ्यांकडून ऐकलेली नावे त्यांनी जपून टिपली. काठावर उभे राहून पक्षी ओळखायला तो कोश उपयोगी पडेल अशी अपेक्षा धरू नये. तो रात्री घरी वाचायचा आहे. कारण आपल्याकडच्या कित्येक नावांत ओळखीची खूणच दडलेली असते. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचे टोक हळदीसारखे पिवळे असते आणि चोचीच्या मुळाशी कपाळालगत दोन लाल ठिपके असतात. एकदा दुर्बिणीतून ती चोच पाहिली की वर्णन वाचायची गरज उरत नाही. वारकरी पक्ष्याच्या काळ्या अंगावर कपाळीचा पांढरा टिळा असाच उठून दिसतो. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वराकडे निघतात, त्या दिवसांत नांदूरच्या पाण्यावरही वारकऱ्यांची दाटी असते, आणि हे नाव ज्याने कोणी ठेवले त्याला मी दरवर्षी मनातल्या मनात नमस्कार करते.

संदर्भग्रंथांविषयी विचारणारे थोडे, पण त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहायला हवे. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांचे दहा खंडांचे ‘हँडबुक’ 1968 ते 1974 या काळात निघाले. घरटे, अंडी, खाणे, सवयी यांसाठी आजही मी त्याकडे वळते. ते विकत घेण्यापेक्षा एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा जुन्या वाचनालयाच्या ग्रंथालयात चौकशी करावी. पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांचे ‘बर्ड्स ऑफ साउथ एशिया’ हे दोन खंडांतले पुस्तक 2005 साली आले आणि 2012 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. पहिल्या खंडात चित्रे आहेत, दुसऱ्यात बारकावे आणि पक्ष्यांच्या आवाजांचे आलेख आहेत. नवख्याने त्यापासून सुरुवात करू नये. तरीही मला ते फार जवळचे वाटते, आणि त्याचे कारण आपल्या शेजारच्या खानदेशात आहे.

रानपिंगळा हे लहानसे घुबड 1873 साली शास्त्राला माहीत झाले आणि 1884 नंतर त्याचा खात्रीचा नमुना कोणाला मिळाला नाही. पुस्तकांत मात्र 1914 सालची गुजरातमधली एक नोंद राहून गेली होती, रिचर्ड माइनरट्झहागन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावावर. रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा या माणसाचे नमुने संशयास्पद ठरले, आणि तो रानपिंगळाही एकोणिसाव्या शतकात खानदेशात जमवलेल्या नमुन्यांपैकी चोरलेला, तो कुठे आणि कधी मिळाला याची खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचे उघड झाले. ती खोटी जागा बाजूला ठेवून त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणी शोधायला गेले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा त्यांच्यासमोर बसलेला होता, 113 वर्षांनी. पुस्तकातल्या एका चुकीच्या गावामुळे पक्षी हरवतो आणि एका बरोबर गावामुळे सापडतो, हे कळल्यापासून मी वहीत तारखेबरोबर गावाचे नाव, बंधाऱ्याचा काठ, झाडाची जात हे सगळे नीट लिहू लागले.

मोबाइल हाताशी असताना पुस्तक कशाला, असे मुले विचारतात. मर्लिन हे कॉर्नेलच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचे ॲप विनामूल्य आहे, भारतातल्या पक्ष्यांची माहिती आधी उतरवून ठेवली तर नेटवर्कशिवायही चालते, आणि पहाटेच्या कलकलाटात कोण बोलते आहे हे सुचवण्यात ते मला खरोखर मदत करते. पण ते सुचवते, ठरवत नाही; त्याने नाव दिले की तो पक्षी शोधून डोळ्यांनी पाहावा, मग लिहावा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नाशिक जिल्ह्याचा महिनावार आलेख मिळतो, कोणता पक्षी कोणत्या महिन्यात किती वेळा नोंदला गेला ते पट्ट्यांनी दाखवणारा. तो छापून मी माझ्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला आहे. कोणतेही छापील पुस्तक साऱ्या उपखंडासाठी असते, आणि ते नाशिकचे होते या एका कागदामुळे.

त्या बागायतदारांनी परवा पुन्हा फोन केला होता. त्यांच्या मुलीला पुस्तक हवे आहे, ती सहावीत आहे. मी त्यांना तूर्त काहीच विकत घेऊ नका असे सांगितले. येत्या रविवारी मी माझी जुनी प्रत घेऊन खानगाव थडीला जाणार आहे. तिच्या समासात पेन्सिलीने मी प्रत्येक पक्ष्याचे मराठी नाव लिहिलेले आहे, आणि वारकऱ्याच्या पानावर तर पाण्याचे डागही आहेत. या हिवाळ्यापुरती ती प्रत तिच्याकडेच राहू दे.