सोलो अडतो तो बेंडवर

नाशकात चार गिटारवाले कोजागिरीच्या गच्चीवर जमले आणि गाण्यातल्या आवडत्या गिटार सोलोचा विषय निघाला, की फोन हातोहात फिरतो आणि नावं बहुतेक तीच येतात. 'कम्फर्टेबली नम्ब', 'हॉटेल कॅलिफोर्निया', 'स्टेअरवे टू हेवन', 'स्वीट चाइल्ड ओ माइन'. एखादा जाणकार 'सुल्तान्स ऑफ स्विंग' म्हणतो. यादीशी भांडण नाही. पण हे सोलो वाजवायला घेतले की जो तो वेगाची धास्ती घेतो आणि फसतो मात्र संथ जागेवर, बेंडवर.

बेंड म्हणजे आपली मींडच. तार आडवी ओढून स्वर चढवायचा. पंचवटीत पलुस्कर सभागृहात बसून सतार ऐकलेल्या माणसाला अर्धवट राहिलेली मींड ताबडतोब खटकते. तोच माणूस गिटार हातात आली की पाव स्वर कमी ओढून खुशाल पुढे जातो!

'कम्फर्टेबली नम्ब' (१९७९) घ्या. त्यात सोलो दोन आहेत. पहिला डी मेजर या पट्टीत, आणि लोक ज्याच्यावर जीव टाकतात तो शेवटचा, बी मायनरमध्ये. गाण्याची लय साधारण ६४ बीपीएम (मिनिटाला ठोके), म्हणजे घाई कसलीच नाही. ७व्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारचा पडदा) बी मायनर पेंटॅटॉनिकची, म्हणजे पाच स्वरांची, चौकट धरायची. बी ला सा मानलं तर हे स्वर सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे थेट धानी राग. राग माहीत असेल तर चौकट पाठ करायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आता 'जी' या तिसऱ्या तारेच्या ९व्या फ्रेटवर मध्यम आहे आणि ११व्यावर पंचम. आधी ११वा फ्रेट वाजवून पंचम कानात भरून घ्या. मग ९व्यावर अनामिका ठेवा, तिच्यामागे ८व्या आणि ७व्यावर मधलं बोट आणि तर्जनी त्याच तारेवर टेकवा, अंगठा गिटारच्या गळ्याच्या, म्हणजे दांड्याच्या, वरून अडकवा आणि कुलपात किल्ली फिरवावी तसं मनगट फिरवा. जोर मनगटाचा, बोटं फक्त तार धरून ठेवतात. एकट्या बोटाने ओढलं की हमखास दोन गोष्टी होतात: स्वर पंचमाच्या अलीकडे थांबतो आणि आठवडाभरात बोटाचं पेर दुखायला लागतं. सूर दाखवणारा क्लिपचा ट्यूनर लावून दहा बेंड करून बघा. बहुतेकांचे सात-आठ तरी कमीच भरतात, जास्त क्वचित.

बेंडवर व्हायब्रॅटो द्यायचा असेल तर आणखी एक गोम आहे. साध्या स्वरावरचा कंप स्वरापासून वर जाऊन परत येतो. ओढलेल्या तारेचा कंप मात्र खाली उतरून परत वर येतो, कारण आपण पकड सैल करून पुन्हा ओढत असतो. त्यामुळे प्रत्येक फेरीत तार पुन्हा पंचमाला भिडली पाहिजे. ती भिडली नाही तर सगळा कंपच बेसूर, आणि रसिकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, नुसतं 'मजा नाही आली' एवढंच कळतं.

हा सोलो पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरने एका दमात वाजवलेला नाही. पाच-सहा सोलो ध्वनिमुद्रित करून त्यातले चांगले तुकडे जोडले. तेव्हा घरी बसून पहिल्या दिवसापासून सलग वाजवण्याचा हट्ट कशाला? एक तुकडा, मग श्वास, मग पुढचा. मोकळी जागासुद्धा सोलोचाच भाग आहे, ती भरून काढू नका. त्याच्या या आवाजामागे बिग मफ हे फझ पेडल, म्हणजे आवाज भरड करणारं पायाचं यंत्र आहे. ते घेतलंत तर सस्टेनचं बटण पूर्ण फिरवू नका. फ्लॅटमधल्या छोट्या अँपवर अर्ध्याच्या पुढे गेलं की स्वरांच्या कडा पुसल्या जातात आणि बेंड कुठे पोचला ते स्वतःलाही ऐकू येत नाही. डिलेची, म्हणजे प्रतिध्वनीची, वेळ हवी असेल तर ६०,००० ला बीपीएमने भागा. ६४ ला सुमारे ९३८ मिलिसेकंद येतात, त्याच्या निम्मे ठेवले की आवाज गुंतत नाही.

'हॉटेल कॅलिफोर्निया' (१९७६) हीसुद्धा बी मायनरचीच चीज, म्हणून चौकट तीच चालेल असं वाटतं. चालते, एफ शार्प सेव्हन ही कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) येईपर्यंत. कॉर्डचं आवर्तन आठ मात्रांचं नव्हे तर आठ बारचं (बार म्हणजे मात्रांचा एक गट): बी मायनर, एफ शार्प सेव्हन, ए, ई, जी, डी, ई मायनर आणि पुन्हा एफ शार्प सेव्हन. या एफ शार्पच्या घरात शुद्ध निषाद बसलेला आहे. तुम्ही धानीचा कोमल निषाद तिथे दाबून धरलात की दोघांची टक्कर होते. 'बी' या दुसऱ्या तारेवर १०व्याऐवजी ११वा फ्रेट, बस. आवर्तनात दोनदा एवढी काळजी घेतली तर निम्मं काम झालं. ईगल्स बँडचे डॉन फेल्डर आणि जो वॉल्श आधी आलटून पालटून वाजवतात आणि शेवटी दोघं मिळून कॉर्डचे स्वर एकेक करून उलगडतात. तो भाग एकट्याने वाजवून हाती काही लागत नाही, जोडीदार शोधा. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकू नका, दोन गिटारी एकात मिसळून जातात. हेडफोन लावा.

ब्लूटूथवरून आठवलं. मागचं गाणं ब्लूटूथवर लावून समोर अँपवर गिटार वाजवली तर काही बिघडत नाही. पण गिटारचाच आवाज ब्लूटूथ हेडफोनमधून ऐकायला गेलात तर तो शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि लय सुटते. ढोलाच्या गावातला माणूस आणि ताल चुकतो म्हणून स्वतःला दोष देत बसायचा. दोष वायर नसल्याचा.

'स्टेअरवे टू हेवन' (१९७१) मधला सोलो लेड झेपेलिनच्या जिमी पेजने टेलिकास्टर गिटारवर वाजवला, लेस पॉल गिटारवर नाही. कॉर्ड ए मायनर, जी, एफ. ५व्या फ्रेटची चौकट. खरी जागा एफ कॉर्डवर आहे: ए ला सा धरून कोमल धैवत, म्हणजे बी तारेचा ६वा फ्रेट. तो स्वर धानीत नाही, म्हणूनच आला की गलबलून येतं. नुसती पेंटॅटॉनिक घोटणाऱ्यांकडून नेमका तोच निसटतो.

'स्वीट चाइल्ड ओ माइन' (१९८७) ऐकताना सोलोचा पूर्वार्ध ओळखीचा वाटतो, कारण तो कीरवाणीच्या स्वरांत आहे. उत्तरार्धात वाह पेडल (पायाने दाबून आवाज 'वाह-वाह' करणारं) आणि पेंटॅटॉनिक. मूळ गाण्यात गिटार अर्धा स्वर उतरवलेली आहे. तरंगत्या ब्रिजची (तारा धरणारी घोडी स्प्रिंगांवर हलते अशी) गिटार अशी उतरवली की तारांचा ताण घटतो, मागच्या स्प्रिंगा ब्रिज आत खेचतात आणि तारा फ्रेटवर खरखरायला लागतात. मागचं झाकण काढून स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करा, पुन्हा सुरात लावा, ब्रिज गिटारला समांतर होईपर्यंत हेच. रोज वर-खाली करणार असाल तर गिटारला त्रास देण्यापेक्षा गाण्याचीच पट्टी ॲपवर अर्धा स्वर चढवा.

'सुल्तान्स ऑफ स्विंग' (१९७८) हा एकच वेगाने छळतो. सुमारे १४८ बीपीएम, पिक (तार छेडायची चकती) नाही, नुसती बोटं आणि स्वच्छ आवाज, त्यामुळे लपायला जागा नाही. शेवटचे झरझर तुकडे म्हणजे डी मायनर, बी फ्लॅट आणि सी यांच्या तीन-तीन स्वरांच्या लडी. ९० पासून सुरू करून सलग पाच वेळा न चुकता आलं की ४ ने वाढवा. १२० च्या आसपास बहुतेक जण अडकतात, कारण डावं बोट उचलायला उशीर होतो. दोष उजव्या हाताला देतात.

इतकं करूनही बेंड बेसूर असेल तर गिटारकडे बघा. ९ च्या बारीक तारांच्या सेटवर हात बसला नसताना मोठेपणा म्हणून ११ च्या जाड तारा चढवलेल्या असतात. ओढताना 'टिक' आवाज येऊन तार उतरली तर ती नटाच्या, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत अडकतेय. तार बाजूला करून खाचेत शिसपेन्सिल घासा. वरच्या फ्रेटवर बेंड अर्ध्यात मरत असेल तर तार पुढच्या फ्रेटला टेकतेय. फेंडर धाटणीच्या, ७.२५ इंच गोलाईच्या जुन्या गळ्यांवर हे जास्त होतं. तिथे १२व्या फ्रेटवर पहिल्या तारेची उंची १.५ मिमीच्या खाली नेऊ नका.

नाशिकच्या पावसाळ्यात तारा महिन्याभरात गंजून खरखरीत होतात आणि बोट घसरायचं तिथे अडतं. वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या सुती कापडाने खालून-वरून पुसा. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत उलट गळा हलतो, फ्रेटची टोकं बोटाला बोचतात. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून ७व्यावर तार आणि फ्रेटमधली फट बघा. ०.२ ते ०.२५ मिमी ठीक. जास्त-कमी असेल तर ट्रस रॉड, म्हणजे गळ्यातली सळई, एका वेळी पाव फेराच, आणि मग रात्रभर थांबा.

जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये प्लगला अर्थिंग नसणं नवं नाही. अँप गुणगुणतो आणि तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, इथपर्यंत चालतं. हाताला झिणझिण्या आल्या तर मात्र सोलो तिथेच सोडा, प्लग काढा आणि आधी वायरमनला बोलवा.