मिरचीचा चुरडामुरडा आणि जीएचा (जिबरेलिक आम्लाचा) प्रयोग : गच्चीवरची सहावी नोंद

मागच्या नोंदीत मिरचीच्या तीन कुंड्यांबद्दल ‘नत्र कमी पडले असावे’ असे मी लिहिले होते. ते निदान साफ चुकले. ठाण्यात पाऊस ओसरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले, तसे वसंत विहारातील आमच्या गच्चीवरच्या आठ मिरच्यांपैकी तिघींचे शेंडे आखडले, पाने होडीसारखी वर वळली, आणि मी मात्र तीन आठवडे शेणखत आणि जीवामृत घालत राहिलो. अखेर पट्टी लावली, तेव्हा निरोगी झाडाच्या शेंड्याकडील पेर (दोन गाठींमधला भाग) साडेचार सेंटिमीटर भरले, आजारी झाडाचे जेमतेम दीड. कोळी किडीमुळे पाने खाली वळतात. फुलकिड्यांमुळे ती वर वळतात खरी, पण खरवडल्यासारखे रुपेरी चट्टे दिसतात. इथे भिंगाखाली चट्टे नव्हते, फक्त जाड झालेल्या शिरा होत्या, आणि फांदी हलवताच पांढऱ्या माश्या उडाल्या. म्हणजे हा पांढरी माशी पसरवते त्या विषाणूचा चुरडामुरडा रोग.

अशा झाडाला अन्न कमी पडलेले नसते, त्याच्या वाढीचे निरोपच बिघडलेले असतात. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण भाताचे आहे. भाताला खुजे करणाऱ्या विषाणूचे पी२ हे प्रथिन जिबरेलिन, म्हणजे उंची वाढवणारे संप्रेरक, तयार करण्याच्या साखळीतील एका विकराला जाऊन चिकटते, त्यामुळे जिबरेलिन घटते आणि रोप बुटके राहते. बाहेरून जिबरेलिन दिल्यावर उंची पुन्हा वाढते, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. मिरचीवर चुरडामुरडा आणणारा बेगोमोव्हायरस हा विषाणू वेगळ्या कुळातला. त्याच्या काही भाईबंदांचे सी४ प्रथिन ब्रासिनोस्टेरॉइड या संप्रेरकाच्या निरोपात ढवळाढवळ करते, आणि सोबत येणाऱ्या बीटा उपग्रहाचे (विषाणूच्या आधाराने वाढणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्याचे) प्रथिन जास्मोनिक आम्लाची यंत्रणा दाबते. मला यातली दुसरी गोष्ट अधिक लबाड वाटते, कारण जास्मोनिक आम्ल हे झाडाचे किडींविरुद्धचे हत्यार आहे. ते बोथट झाले की पांढरी माशी त्याच झाडावर सुखाने वाढते आणि विषाणूला पुढच्या झाडापर्यंत जायला आयते वाहन मिळते.

भाताचे वाचल्यावर मोह आवरला नाही. नाशिककडचे द्राक्षबागायतदार मणी लांबवण्यासाठी वापरतात तेच जीए, म्हणजे जिबरेलिनच, आणून मी एका आजारी झाडावर आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारले आणि उरलेली दोन तुलनेसाठी तशीच ठेवली. तिन्ही झाडे आधी मच्छरदाणीत झाकली होती, पण जेमतेम मिलिमीटरभर लांबीची ही माशी मच्छरदाणीच्या छिद्रांतून आरामात ये-जा करत होती. मग ५० मेशची (इंचाला ५० छिद्रे असलेली) कीटकरोधक जाळी आणली.

बाराव्या दिवशी फवारलेल्या झाडाचे नवे पेर सव्वातीन सेंटिमीटरचे निघाले आणि मी क्षणभर हुरळलो. पण त्या लांबलेल्या, हडकुळ्या दांड्यावर पाने तशीच आखडलेली होती, नवे पान पूर्वीइतकेच बारीक होते आणि आलेली सहाही फुले गळाली. न फवारलेल्या दोन झाडांचे पेर दीडच्या आसपासच राहिले. एका झाडावरून मोठा निष्कर्ष काढू नये हे खरे, तरी जीएने उंची तेवढी वाढली, विषाणू आणि त्याने बिघडवलेले बाकीचे निरोप जागच्या जागी राहिले, असाच याचा अर्थ मी लावतो.

काल पहाटे, माश्या गारठ्याने सुस्त असताना, तिन्ही झाडांवर आधी निंबोळी अर्क फवारला, ती मुळासकट उपटली आणि लगेच पिशवीत बांधून टाकली. कुंड्यांतली माती ठेवली आहे, कारण हा विषाणू मातीतून पसरत नाही. उरलेल्या पाच मिरच्या आता जाळीत आहेत, पिवळे चिकट सापळे बाहेर टांगले आहेत, आणि दर रविवारी प्रत्येक झाडाच्या शेंड्याकडचे तिसरे पेर मोजायचे ठरवले आहे. आजची मोजमापे चार ते पाच सेंटिमीटरच्या दरम्यान आहेत. फक्त कठड्यालगतच्या कुंडीत ती तीनवर आली आहे, म्हणून ती कुंडी इतरांपासून वेगळी ठेवली आहे.