तुम्ही खाता का?

पुण्यात हा प्रश्न एवढाच असतो. काय खाता, हे विचारणारा म्हणत नाही. वाक्यातलं कर्म गाळलेलं असतं, आणि ते कर्म मटण आहे हे ऐकणाऱ्याने ओळखायचं असतं. मला ते ओळखायला एकविसावं वर्ष उजाडलं. कॉलेजातल्या मैत्रिणीकडे, सदाशिव पेठेत, जेवायला गेले होते. तिच्या आईने माझं आडनाव ऐकलं, वरण वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही खाता ना गं?" मी म्हटलं, "हो, तीनदा." काकू गप्प झाल्या. तीनदा म्हणजे जास्त होत असावं असं वाटून मी सुधारून घेतलं, "सुट्टीच्या दिवशी दोनदा."

चार वर्षांपूर्वी, चौतिसाव्या वर्षी, मला ऑटिझम असल्याचं निदान झालं. (‘स्वमग्न’ हा शब्द मला फारसा मानवत नाही. मी स्वतःत कमी आणि पंख्याच्या आवाजात जास्त मग्न असते.) तेव्हापासून अधूनमधून पालकांच्या गटांत मला बोलायला बोलावतात आणि हाच प्रश्न जरा वेगळा होऊन येतो. मागच्या महिन्यात कोथरूडला एका आईने विचारलं, "ऑटिस्टिक माणसं शाकाहारीच असतात का हो? प्राण्यांवर फार जीव असतो ना त्यांचा." मागच्या रांगेतल्या एका बाबांनी तिथेच अडवलं, "पण त्यांना दुसऱ्याचं दुःख कळत नाही म्हणतात. मग मटणाचं काय वाटणार त्यांना?" तेवढ्यात चहा आला आणि उत्तर राहून गेलं. ते आता देते.

असतातच असं नाही. काही शाकाहारी असतात, काही कट्टर मटणवाले, आणि काही असे की त्यांना खाणारेही आपलं म्हणत नाहीत आणि न खाणारेही. मी त्यातली.

आमचं घर मूळचं भोरकडचं, खाणारं. रविवारी सकाळी आजी मटणाला हळद-मीठ लावून शिजायला ठेवायची. पहिलं अळणी पाणी आम्हा पोरांना वाटीत मिळायचं, वर तुपासारखे पिवळे ठिपके तरंगणारं. मग तव्यावर खोबरं भाजलं जायचं, कांदा, लसूण, तीळ, आणि पाट्यावर वाटण. तो वास मला अजून आवडतो. अळणी आवडायचं, रस्सा आवडायचा, रश्श्यात कुस्करलेली भाकरी तर फारच. गाडं अडायचं ते फोडीशी.

मटणाची एक फोड तोंडात घेतली की काय होतं ते सांगते, कारण बाकीच्यांना ते होत नाही असं मला फार उशिरा कळलं. आधी मऊ धागे. ते ठीक. मग मधेच चरबीचा बुळबुळीत तुकडा. त्याच्या मागे एक शीर, जी दातांखाली सरकते पण तुटत नाही. मग पातळ पापुद्रा, ओल्या प्लास्टिकसारखा टाळ्याला चिकटणारा. कधी हाडाची कपची. एकाच घासात चार वेगवेगळे पदार्थ, आणि पुढे कोणता येणार याची आगाऊ सूचना नाही. मी चावायचं थांबवायची. थुंकलं तर पाठीत धपाटा आणि गिळलं तर उलटी, म्हणून घास गालात सरकवून ठेवायची. एकदा दुपारी चार वाजता, मी झोपले असताना, आजीने माझ्या गालातून बोट घालून सकाळची फोड बाहेर काढली. रस निघून गेलेला पांढरा चोथा. "ही पोर गालात घर बांधतीय," ती म्हणाली. घरात ते वाक्य पुढे कित्येक वर्षं चाललं.

निदान झाल्यावर मी वाचायला लागले तेव्हा कळलं की गालात घर बांधणारी मी एकटी नव्हते. लिओ कॅनर या अमेरिकेतल्या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ साली ज्या ११ मुलांवर ऑटिझमचा पहिला गाजलेला निबंध लिहिला, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या खाण्याच्या तक्रारी त्यातच नोंदवलेल्या आहेत. २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑटिस्टिक मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांचं खाणं चारचौघांपेक्षा निराळं दिसलं, इतर मुलांत हे प्रमाण जेमतेम ५ टक्के. मोजकेच पदार्थ खाणं, पोत सहन न होणं, एकाच कंपनीचं पेय लागणं, आणि घास तोंडात साठवून ठेवणं. शेवटचं वाचून मी आजीला फोन करणार होते, पण आजी राहिली नव्हती.

आता गंमत अशी की आमच्या घरात मटण नाकारायला बंदी मुळीच नव्हती. आबा माळकरी होते. तुळशीची माळ घातल्यापासून त्यांनी वशाटाला स्पर्श केला नव्हता. त्यांचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, आणि त्यांना कधी कुणी "एक फोड खाऊन तर बघा" म्हटलं नाही. आत्याचा गुरुवार होता. काकूंचा सोमवार आणि संकष्टी. श्रावणात सगळं घरच बंद. "आज वार आहे," एवढं म्हटलं की विषय संपायचा, पुढे एक शब्द कुणी विचारत नसे. देवाचं कारण चालायचं. "शीर दातांखाली सरकते" हे कारण मात्र नखरे ठरायचं. मोठी भावंडं म्हणायची, "बामणीण झाली काय रं ही?" पुण्यात न खाण्याला जात चिकटते, आणि भोरमध्येही चिकटते. न खाणारी मराठ्याची मुलगी म्हणजे एकतर माळकरी, नाहीतर वर जायला बघणारी. तिसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

मी वहीत तक्ता केला होता. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादश्या, श्रावण, नवरात्र. सगळे वार धरले तर वर्षाचे किती दिवस सुटतात ते मोजलं होतं. आत्याला माझी दया आली. एका बुधवारी जेवताना ती कानात म्हणाली, "सांग की गुरुवार आहे." मी मोठ्याने म्हटलं, "आज बुधवार आहे, पण आत्या म्हणतीय गुरुवार सांग."

तर, प्राणी. कोथरूडच्या त्या आईंना माझ्याकडून जी गोष्ट हवी होती ती आहे माझ्याकडे, पण ती त्यांना हवी तशी नाही. मी दहा वर्षांची असताना देवीच्या जत्रेआधी आठवडाभर अंगणात बोकड बांधला होता. मी रोज त्याच्यासमोर बसायची. बोकडाची बाहुली आडवी असते, पेटीच्या फटीसारखी, आणि त्याने मान खाली घातली तरी ती फट जमिनीशी समांतरच राहते. हे मी तासन् तास तपासून बघितलं होतं. जत्रेच्या दिवशी मी रडले नाही. चुलतबहीण रडली, तिला सगळ्यांनी जवळ घेतलं, आणि तासाभराने तिने दोनदा वाढून घेतलं. माझ्याबद्दल काकू म्हणाल्या, "हिला काही वाटत नाही." मी खुंटीला राहिलेलं दावं गुंडाळत होते, सोडत होते, परत गुंडाळत होते. अंधार पडेपर्यंत. त्यानंतर चार दिवस मी कुणाशी बोलले नाही, पण मी तशीही कमीच बोलायची, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्याचं दुःख कळत नाही, या म्हणण्यावर डेमियन मिल्टन या ब्रिटिश, स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली साधी हरकत घेतली: न कळणं दोन्हीकडून असतं. आम्हाला तुमचं वाचता येत नसेल, तर तुम्हालाही आमचं येत नाही. मला ते दावं आठवतं.

पण मी मटण सोडलं ते बोकडामुळे, असं म्हटलं तर खोटं होईल. फोड मी त्याच्या आधीच सोडली होती. बोकडानंतर रस्साही सुटला एवढंच. आधी तोंडाने नकार दिला, मन मागून आलं. पालकांना हा क्रम आवडत नाही, त्यांना मन आधी हवं असतं.

प्राण्यांवर जीव आणि ताटात मांस, हे एकत्र नांदू शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण ऑटिस्टिक जगातच आहे. टेम्पल ग्रँडिन, जन्म १९४७, कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक. कत्तलखान्यात गुरं घाबरून का अडतात हे बघायला त्या स्वतः गुरांच्या वाटेत उतरल्या. त्यांना दिसलं: लोंबणारी साखळी, जमिनीवरची काळी सावली, कुंपणावर कुणी टाकलेला कोट. त्यांनी वळणावळणाच्या वाटा आखल्या, आणि आज उत्तर अमेरिकेतली जवळजवळ निम्मी गुरं त्यांनी आखलेल्या यंत्रणेतून जातात असं सांगितलं जातं. बाई मांस खातात. मी हे सांगितलं की सभागृहात चुळबुळ होते. मला स्वतःला त्यांचं काम पटतं आणि तरी ताट पटत नाही. साखळीचं मात्र लगेच कळलं: लक्ष्मी रोडवर एका दुकानाच्या लुकलुकणाऱ्या पाटीमुळे मी अर्ध्यातून परत फिरलेली आहे.

आता उलटी गोष्ट. एका गटात कार्यक्रम संपल्यावर एक आई मला जिन्यात गाठून हळूच बोलल्या. घर पिढ्यान् पिढ्यांचं न खाणारं, सासरे चातुर्मासात कांदा-लसूणही सोडणारे. अकरा वर्षांचा मुलगा पाच पदार्थ खातो: वरण नसलेला भात, एका कंपनीची बिस्किटं, दूध, केळं जर ठिपके नसतील तर, आणि चिकन नगेट. ते त्याने शेजाऱ्यांकडे पहिल्यांदा खाल्लं. भाजी का नाही? कारण वांगं एके दिवशी बियांचं असतं आणि दुसऱ्या दिवशी नसतं. भेंडी कधी जून निघते. नगेट कालच्यासारखंच आज असतं, त्याच आकाराचं, तेवढंच कुरकुरीत, आत शीर नाही, हाड नाही. तो मांस खातच नाही हो, मी त्यांना म्हटलं, तो खात्री खातो. त्या रडायला लागल्या. मग हसल्या. गॅलरीत वेगळी इंडक्शनची शेगडी आहे, तिथे त्या संध्याकाळी सासरे फिरायला गेले की सहा तुकडे तळतात आणि नंतर उदबत्ती लावतात. "पाप लागेल का?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न माझ्या हद्दीतला नाही. मी एवढंच म्हटलं की उदबत्तीचा वास त्याला चालतो का ते बघा.

याच बाईंना कुणीतरी सांगितलं होतं की गहू आणि दूध बंद करा, ऑटिझम उतरेल. हे पुण्यात खूप चालतं. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००८ सालच्या आढाव्यात या आहाराचा पुरावा तोकडाच ठरला होता. आणि ज्याच्या ताटात पाचच गोष्टी आहेत त्याच्या दोन काढल्या तर उरतं काय? दूध गेलं तर न खाणाऱ्या घरात बी-१२ यायचा मुख्य रस्ताच गेला. हे जीवनसत्त्व भाजी-डाळीत नसतं. पुण्यातल्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने २००६ साली पुण्यातल्या आणि आसपासच्या पुरुषांची रक्तं तपासली, तर ६७ टक्के जणांत बी-१२ कमी निघालं होतं. सर्वसाधारण लोकांची ही गत. मग आमच्यासारख्यांनी तपासणी करून घ्यावी हे मी प्रत्येक गटात सांगते, बाकी काही ऐकलं नाही तरी चालेल. माझंही कमी निघालं. मी मुद्रितशोधनाचं काम करते. कागद उलटताना बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, "तुम्ही खाता का?" या वेळी मला कर्म माहीत होतं. आता जिभेखाली ठेवायची गोळी घेते. ती गोड आणि खडूसारखी आहे, आणि रोज सारखीच असते.

मी शाकाहारी आहे का, ते अजून सांगितलंच नाही. मी अंडं खाते: बारा मिनिटं उकडलेलं, फक्त पिवळं, कारण ते कोरडं आणि भुसभुशीत असतं. पांढरं नाही. कर्वेनगरला घर भाड्याने बघायला गेले तेव्हा मालकांनी आडनाव ऐकून तोच प्रश्न विचारला. ‘नाही’ म्हणाले असते तर किल्ली मिळाली असती. मी म्हटलं, "मटण नाही, मासे नाहीत, अंडं हो, पण त्यातलं फक्त पिवळं, आणि पांढरं मी शेजारच्या मांजराला देते." घर मिळालं नाही. मला वाटतं मांजर नडलं.

गेल्या आषाढात, गटारीच्या रविवारी, धनकवडीला काकूंकडे सगळे जमले होते. आई माझ्यासाठी त्याच वाटणाचा बटाट्याचा रस्सा वेगळ्या पातेल्यात करते. नव्याने सून होऊन आलेल्या वहिनीने ते बघितलं आणि विचारलं, "ताईंनी माळ घातलीय का?" इतकी वर्षं आई अशा वेळी ‘हो हो’ म्हणून मोकळी व्हायची. त्या दिवशी म्हणाली, "नाही गं. तिला शीर चालत नाही तोंडात."

क्षणभर शांतता. मग काकूंनी पातेल्यातून एक फोड उचलली, चुलीजवळच्या उजेडात धरली आणि नखाने शीर सोलायला लागल्या. "एवढंच होय? मग आधी नाही का सांगायचं? मी काढून देते की."

मी बघत राहिले. त्या फार हळूवार हाताने काढत होत्या.

"नको काकू," मी म्हटलं.

"वार आहे का?"

"नाही. रविवार आहे."